यादीतलं पाचवं काम

"काय मग, वीकेण्डचा प्लॅन काय?"

शुक्रवारी चारनंतर कॉफी मशीनपाशी हा प्रश्न विचारला नाही, तर बहुतेक फाउल धरतात. कुणी लोणावळा म्हणतं, कुणी "नथिंग यार, नुसती झोप" म्हणतं. माझं उत्तर होतं, "म्हसावदला चाललेय."

"म्हसवड? ते बायकांच्या बँकेचं?"

नाही हो! ते म्हसवड साताऱ्याचं, माण तालुक्यातलं. तिथे 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. "मग जळगावजवळचं, रेल्वे स्टेशन आहे ते?" तेही नाही. आमचं म्हसावद शहादा तालुक्यातलं, तोरणमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचं, सातपुडा अगदी समोर दिसणारं. जिल्हा नंदुरबार. हा जिल्हा 1 जुलै 1998ला धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे माझा जन्म धुळे जिल्ह्यात, शाळा नंदुरबार जिल्ह्यात आणि घर मात्र तेच!

या शनिवारी जाणं भागच होतं, कारण रविवारी आखाजी होती. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया म्हणजे सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती. खान्देशात ती आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात, पुरणपोळी-आमरस होतो आणि पत्त्यांचे डाव रंगतात. सासरी नसले तरी मीही लेकच ना. शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली, पहाटे शहाद्याला उतरले. आप्पा मोटारसायकल घेऊन उभेच. मागच्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झालीय, म्हणून गाडी मी चालवायची, असा आमचा करार आहे. तो ते फक्त गावाच्या वेशीपर्यंत पाळतात. वेशीच्या आत पोरीच्या मागे बसलेलं लोक बघतील ना!

घरी पोचले तर आई गच्चीवर. उन्हाळ्यात आमच्याकडे साडेपाचला झोपलेला माणूस आजारी समजला जातो. कुरडयांचा घाट घातलेला. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज पाणी बदललेलं, मग दळून, गाळून काढलेला चीक रात्रभर निवळत ठेवलेला. वरचं पाणी टाकून तो पहाटे मोठ्या पातेल्यात शिजतो, आणि गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर घालायचा. गार झाला की दाबता दाबता दंडाचे बारा वाजतात. शेजारच्या दोघी काकू मदतीला होत्याच. आज आमच्याकडे, परवा त्यांच्याकडे. पुण्यात मी महिन्याचे दोन हजार जिमला देते, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वाटीभर गरम चीक, त्यावर तूप-साखर. हा ब्रेकफास्ट कुठल्याच कॅफेत मिळत नाही, पैज लावते.

आठ वाजता खाली आले तर ओट्यावर आप्पांनी शनिवारच्या कामांची यादी ठेवलेली. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, बॉलपेनने:

1. गिरणी

2. कुंभाराकडून घागर, खापर. येताना डांगर

3. बँक, नॉमिनी

4. कूलरचं गवत

पाचवं काम त्या कागदावर नव्हतं. ते माझ्या मोबाइलच्या रिमाइंडरमध्ये होतं: 'सातबारा, आईचं नाव'. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून दर वेळी घरी आले की ते वाजतं आणि मी स्नूझ करते. का, ते सांगते. आधी बाकीची चार कामं उरकू या.

गिरणीत पुरणपोळीसाठी गहू बारीक दळून घेतले. कुंभाराकडे घागर आणि खापर निवडताना आईने दोन्हींवर बोट वाजवून पाहिलं. खापर म्हणजे उलट्या कढईसारखं मातीचं मोठं भांडं, त्याच्या पाठीवर हाताएवढी लांब पुरणपोळी भाजतात. मला सगळ्या खापरांचा आवाज सारखाच आला. आईने तिसरं उचललं आणि म्हणाली, "हे तडकणार नाही." बाजारात डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, घागरीसोबत ठेवायला घेतलं.

मग बँक. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, 2015च्या सप्टेंबरपासून. हा तिसरा होता, वाचलो! आप्पांचं ते खातं फार जुनं. क्लार्कने नॉमिनीचं नाव वाचलं आणि आप्पांकडे पाहिलं. नॉमिनी होते आमचे आजोबा. 2009 साली वारलेले.

मला हसू आवरेना, पण आप्पा गंभीर झाले. फॉर्म भरला, आईचं नाव घातलं. क्लार्कने समजावलं की आता एकाच खात्याला चार नॉमिनीही देता येतात, 1 नोव्हेंबर 2025पासून तशी सोय झालीय. आणि हेही, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्यातून ठरतं. शेवटी हक्क वारसांचा. वीस मिनिटांत काम झालं. बाहेर येऊन आप्पा खुशीत म्हणाले, "झालं की काम! चल, उसाचा रस."

रस पिताना मी म्हटलं, "आप्पा, ते सातबाऱ्याचं पण बघायचं ना?"

"आज शनिवार," आप्पा म्हणाले. "तलाठी ऑफिस बंद."

बरोबर होतं. राज्य सरकारी ऑफिसांना 29 फेब्रुवारी 2020पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे बघा ना, शहरात नोकरी करणारी पोरं गावी जाणार शनिवार-रविवारी, आणि जमिनीची ऑफिसं उघडी सोमवार ते शुक्रवार. आईचं नाव वर्षभर या फटीत अडकलं होतं. पण खरं सांगू? मला सुट्टी न देणारा बॉस नाही. मी फ्रीलान्सर. सोमवारी थांबायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी वर्षभर मी रविवारी रात्रीचीच ट्रॅव्हल्स पकडतेय. आप्पा शनिवारचं कारण देतात, मी डेडलाइनचं. दोघांनाही तो विषय टाळायचाच होता.

आता ती गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चचा शेवटचा आठवडा, आप्पा हॉस्पिटलमध्ये. शेतकऱ्याच्या घरी मार्चएण्ड म्हणजे पीककर्जाचं 'नवं-जुनं' करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायचं. 31 तारीख चुकली की व्याजाची सवलत जाते. पैसे जमवले आईनेच. घेऊन गेलीही तीच. खिडकीतल्या माणसाने पैसे भरून घेतले. पण नव्या कर्जाच्या कागदांवर सही? "खातेदार कुठायत?" आई म्हणाली, दवाखान्यात. "मग ते आल्यावर या." त्या माणसाची चूक नव्हती. कागदावर आई कुणीच नव्हती.

पेरणीच्या तोंडावर ते कर्ज अडकलं. सुरतहून भावाने पैसे पाठवले म्हणून निभावलं. पुढे 15 एप्रिल 2025पासून शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. तो जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. आप्पांचा निघाला. आईचा निघाला नाही, कारण तीस वर्षं शेत बघणारी आई सरकारच्या हिशेबात शेतकरी नाही. ती काही एकटी नाही म्हणा. 2015-16च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका जवळपास 14 टक्के होत्या. शेतात मान वर करून बघा, तिथे हे प्रमाण दिसतं का!

असो. घरी आलो, कूलरच्या जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरलं. पाणी पडल्यावर जो वास सुटतो ना, त्यासाठी मी एसी सोडायला तयार आहे. निदान एक दिवस. बाहेर ऊन असं, की कुत्रीसुद्धा मोटारसायकलच्या सावलीला. जेवणात शेवभाजी, भाकरी, कांदा. मग सगळं घर कूलरपुढे आडवं.

तीन वाजता ताई आली, मुलांना घेऊन, दोंडाईच्याहून. मग पत्ते निघाले. आखाजीला पत्ते खेळणं आमच्याकडे वाईट समजत नाहीत, एरवी समजतात. पैशांऐवजी शेंगदाणे. आजी पंच. आईला पत्त्यांचा भारी नाद, फक्त वर्षातून दोन दिवस वेळ मिळतो. कोणी काय टाकलं, काय उचललं, तिला सगळं पाठ. तासाभरात सगळे शेंगदाणे तिच्यापुढे! भाचा रडायला लागला म्हणून एक मूठ परत दिली.

साडेपाचला सालदार आला. हेही आखाजीचंच. शेतावरच्या सालदाराचं साल आखाजी ते आखाजी चालतं. जुना हिशेब मिटवायचा, पुढच्या वर्षाचा आकडा ठरवायचा. ओसरीवर आप्पा खाटेवर, सालदार समोर, आई दारात भिंतीला टेकून. आप्पांनी विचारलं, "गेल्या साली उचल किती झाली?" सालदाराने आईकडे पाहिलं. आईने आकडा सांगितला, महिन्यांसकट. वही आत होती, पण तिला बघावी लागली नाही.

"विहिरीजवळच्या तुकड्यात औंदा काय?" हा प्रश्नही सालदाराने आप्पांकडे बघून विचारला आणि उत्तराला आईकडे वळला. पपई लावून झालीय, पांढऱ्या कापडाच्या टोप्या घातलेली रोपं मी सकाळीच पाहिली होती. पाळी कशी द्यायची, टोप्या कधी काढायच्या, मजूर किती... सगळं आई बोलली. शेवटी आप्पांनी आकडा सांगितला. सालदार म्हणाला, "वहिनी काय म्हणता?" आईने थोडा वाढवून सांगितला. ठरलं. चहा झाला.

ताईने मला कोपराने ढोसलं. आम्ही दोघी एकच विचार करत होतो.

रात्री गच्चीवर अंथरुणं पडली. एकीकडे कापडावर कुरडया, एकीकडे आम्ही. मी म्हटलं, सांगूनच टाकू. "आप्पा, मी सोमवारी थांबतेय. तहसीलला जाऊ."

"काय गरज आहे?" आप्पा म्हणाले. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखे. "सगळं तिचंच आहे ना. घर तिचं, शेत तिचं. मी कधी नाही म्हटलं?"

आई गप्प. ती यावर कधीच बोलत नाही. तिला नकोय म्हणून नाही. मागितलं तर त्याचा अर्थ 'नवरा कधी जाईल याचा हिशेब करतेय' असा निघेल, म्हणून. हे तिने एकदा फक्त ताईला सांगितलंय.

मी माझा मास कॉमचा अभ्यास उघडला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं, पुढे बायकोच्या नावावर स्वखुशीने जमीन करण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. सरकारनेही 1992 साली त्यावर निर्णय काढला. नवऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज करायचा, बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. नवऱ्याचं नाव जात नाही, शेजारी बायकोचं येतं. "म्हणजे आप्पा, तुमच्याकडून काही काढून घ्यायचं नाहीये," मी म्हटलं. "आणि आता तर 1 मे 2024पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचं ठरलंय. आपणच मागे का?"

आप्पा हं म्हणाले. त्यांचं हं म्हणजे 'बोलणं संपलं'.

तेवढ्यात आजी उठून बसली. मला वाटलं झोपली. म्हणाली, "माय व, माझं नाव होतं ना सातबाऱ्यावर."

"कधी गं?"

"तुझे आजोबा गेले तेव्हा. तीन महिने."

आप्पा उठले आणि खाली जाऊन ट्रंकेतली फाइल घेऊन आले. ते का उठले, मला माहीत नाही. कदाचित आजीचं म्हणणं खोटं ठरवायला, कदाचित विषय संपवायला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये आम्ही 2010चा पिवळा पडलेला सातबारा उघडला. आजोबांचं नाव कंसात. खाली वारसांची नावं: आजी, आप्पा, दोन्ही आत्या. मग आजीचं नाव कंसात. दोन्ही आत्यांची नावं कंसात. उरलं एक.

जुन्या सातबाऱ्यावर कंस म्हणजे हे नाव कमी झालं. हक्कसोड. वाचणाऱ्याला तो नुसता ब्रॅकेट वाटतो.

"अंगठा दिला होता मी," आजी म्हणाली. "सगळ्याच देतात. तुझ्या आत्यांनी पण दिला. आखाजीला साडी मिळते त्यांना, अजून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मग जरा थांबून म्हणाली, "पण ते तीन महिने बरं वाटलं होतं. तलाठी आला तर त्याने मला नावाने हाक मारली होती."

कुणी काही बोललं नाही. लेकींना बापाच्या जमिनीत मुलाइतकाच हक्क 2005च्या दुरुस्तीने दिला, 2020 साली सुप्रीम कोर्टाने तो आणखी स्पष्ट केला, हे मला त्या क्षणी तोंडपाठ होतं. ताईलाही माहीत होतं. पण ती हळूच म्हणाली, "आपलं नंतर बघू. आधी आईचं."

आप्पांनी फाइल बांधली. उशीखाली ठेवली, ट्रंकेत नाही.

रविवारी आखाजी झाली. आईने खापरावर पुरणपोळ्या केल्या, खापर तडकलं नाही. मुलं झोक्यावरून उतरेनात. आत्या आल्या, साड्या दिल्या. या वेळी साड्या देताना आप्पा नेहमीसारखे हसले नाहीत, किंवा मलाच तसं वाटलं असेल. रात्रीची ट्रॅव्हल्स मी सोडली. कॅन्सलेशनचे पैसे गेले, एका एडिटरला 'मंगळवारी देते' असा मेसेज टाकला. त्याने अंगठा पाठवला. मला आजीच आठवली.

सोमवारी सकाळी साडेनऊला आप्पा कपडे घालून तयार. आईला म्हणाले, "आधार कार्ड घे. दोन फोटो पण." आई म्हणाली, "आज मोटरची पाळी आहे." आप्पा म्हणाले, "सालदार बघेल." आईने साडी बदलली. मोटारसायकलवर ते दोघं पुढे, मी एसटीने मागून. शहाद्याला तहसीलमध्ये गर्दी होती, पंखा होता, पाणी नव्हतं. एक कागद कमी निघाला, झेरॉक्सला पळाले. दुपारी अर्ज आत गेला. अर्जदार म्हणून आप्पांनी सही केली. खाली आईने. तिची सही मी पहिल्यांदाच इतक्या सावकाश होताना पाहिली.

नाव अजून लागलेलं नाही. चौकशी होईल, आदेश निघेल, मग फेरफार, नोटीस, हरकतीची मुदत. पण माझ्या मोबाइलमधलं पाचवं काम मी स्नूझ केलं नाही. त्याची तारीख बदलली, पुढच्या महिन्याची घातली. वार सोमवार.

तर मंडळी, पुढच्या वीकेण्डला घरी जाणार असाल तर एक काम करा. सातबारा, घराचा उतारा, बँकेचं पासबुक, जे असेल ते उघडा. डिजिटल सहीचा सातबारा तर ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो, कॉफीच्या झाकणाच्या किमतीत! त्यावर कोणाची नावं आहेत ते वाचा, आणि कोणाची नाहीत तेही. मग शनिवारला एक सोमवार जोडा. रजा मिळत नसेल तर 'घरी काम आहे' सांगा. खरंच आहे.

आणि हो, कुरडया आल्यात. दोन डबे भरून. को-वर्किंगमध्ये तळायची सोय नाही, तेव्हा ज्याच्या घरी कढई असेल त्याने संपर्क साधावा.